नव्या पुस्तकात माझे वाईट देव नाहीत

नवं पुस्तक मला सेलूच्या बसस्टँडवर मिळालं. मी सेलूतल्या एका खाजगी शाळेत मराठी शिकवते आणि रोज वालूरहून जाऊन-येऊन करते. त्या दिवशी शाळा सुटल्यावर गाडीची वाट बघत उभी होते, तेवढ्यात झरीचा आमचा दोस्त मोटारसायकलवर आला. हा माझ्या चुलत भावाचा कॉलेजातला मित्र. परभणीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. कुणाचा तरी माल पोचवायला सेलूला आला होता. त्यानं पिशवीतून पुस्तक काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "ताई, तुमी बघा आधी. मला काई बोलता यायलं न्हाई."

पुस्तक जाड होतं, पहिल्यापेक्षा देखणं. गुळगुळीत कागद, पानापानावर रंगीत चित्रं. मी थेट देवांच्या प्रकरणाकडे गेले. चांगले देव सगळे जागेवर होते. मग अंधाराच्या देवता. मरणाचा देव होता, युद्धाचा होता, महापुराची देवी होती. एकेकाला अख्खं पान दिलेलं, डोळ्यांतून आग, हातात परशू. जुन्या पुस्तकात यांच्यानंतर ‘छोटे वाईट देव’ सुरू व्हायचे. इथे महापुराच्या देवीनंतर एकदम राक्षसांचं प्रकरण लागलं. पानं चिकटली असतील म्हणून मी अंगठ्यानं घासून पाहिलं. मग पुस्तकाच्या सुरुवातीला गेले, जिथे ते तयार करणाऱ्यांची नावं असतात. तिथे माझं नाव नव्हतं.

"सगळेच गेले?" मी विचारलं.

"सगळे सात," तो म्हणाला. "मला वाटलं तुमाला मालूम आसंल. भावानं इचारलं आसंल तुमाला."

मला कुणी काही विचारलं नव्हतं. गाडी लागली. पुस्तक त्याच्या हातात परत देऊन मी चढले.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना सांगायला हवं. चार-पाच जण बसतात. एकजण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक सोंग घेतात: कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी चोर. गोष्ट चालवणारा म्हणतो, तुम्ही अशा-अशा गावात पोचलात, समोर बंद दार आहे, काय करता? ज्यानं त्यानं आपल्या सोंगाला शोभेल ते सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. त्या जगातले राजे, रानं, भुतं, देव हे सगळं पुस्तकात लिहिलेलं असतं. बस, एवढंच. मोठी माणसं हा खेळ खेळतात हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते.

लॉकडाऊनमध्ये चुलत भाऊ पुण्याहून येऊन गावी अडकला तेव्हा त्याच्या बॅगेत हे फासे होते. मीही तेव्हा नुकतीच पालमहून परत आले होते. परत आले म्हणजे कायमची. पालमला मला दिलं होतं. तिथे काय झालं ते फार सांगण्यासारखं नाही, मारहाण वगैरे काही नव्हतं. कुणी मारलं असतं तर माझ्या बापाला लोकांना सांगायला सोपं गेलं असतं. "तरास काय व्हता मंग?" असं लोक विचारायचे, आणि आमच्या घरात कुणालाच उत्तर देता यायचं नाही, मलाही नाही.

दुपारी कोठ्यात बसायचो आम्ही. गुरं विकली होती, कोठा रिकामाच होता, आणि पत्र्याखाली ऊन असलं तरी वारा यायचा. चुलत भाऊ गोष्ट चालवायचा. खेळायला मी, माझ्या सख्ख्या भावाची बायको म्हणजे माझी भावजय, आणि पोलिसांना चुकवून शेतवाटांनी झरीहून येणारा तो दोस्त. भावजयीनं दरोडेखोराचं सोंग घेतलं. घरात पदर सावरून बोलणारी ही बाई तिथे मांडी घालून बसायची आणि म्हणायची, "मी त्याच्या मुंडक्यावर पाय देते." मी वैद्य झाले होते.

पहिल्या काही दिवसांतच मला तो खेळ खोटा वाटायला लागला. भुतं खरी वाटायची, देव खोटे. वाईट देव म्हणजे सगळे जग बुडवायला निघालेले. मी भावाला म्हटलं, "एवढ्या मोठ्या देवाला आपल्यासारख्यांच्या घरी यायला टाइम कुठला? आपल्याला जे छळतंय ते बारकं असतंय."

"मग तू कर की बारके देव," तो म्हणाला.

मी केले. खेळात त्यांचं बोलणंही मीच बोलायचे. पहिली उंबरठी. ती दारात उभी असते. बाई बाहेर निघाली की विचारते, "कुठं?" आणि परत आली की विचारते, "कामून आलीस?" दोन्ही प्रश्नांना उत्तर दिलं नाही तर बाई दाराच्या दोन्ही बाजूंना परकी होते, आणि मग कुठल्याच गावात तिला रात्रीचा आसरा मिळत नाही. दुसरी शिळवंती. मग कानफुक्या, सगळं उद्यावर ढकलणारा उद्याबाबा, पाठमोरी, हासरा, आणि शेवटचा मुकाट. मुकाट हा सगळ्यांत सोपा सुचला. तो कोपऱ्यात बसून सगळं बघतो आणि काही बोलत नाही. त्याच्याकडे शस्त्र नाही, मंत्र नाही, पण तो ज्या खोलीत बसतो तिथे बाकीच्या वाईट देवांची ताकद दुप्पट होते. माझा नवरा भला माणूस होता असं अजून पालमला सगळे म्हणतात. तो मला कधी उलट शब्द बोलला नाही हे खरं आहे.

शिळवंतीचा दिवस मला पक्का आठवतो. गोष्टीत आम्ही एका घरी मुक्कामाला गेलो. घरधनीण फार गोड बोलते, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात ताट. ताटात कालचं अन्न. ती वाढत राहते आणि म्हणत राहते, "आमी कुठं कमी केलं?" जो खाईल त्याचं पोट भरतं आणि अंगातली ताकद एकेक घासानं उतरते. वर खाणाऱ्यानं तिला बरं वाटेल असं बोलायचं.

दरोडेखोर भावजयीनं तलवार उपसली. भाऊ म्हणाला, "तलवारीनं मरत न्हाई ती."

"मंग कशानं मरती?"

मी सांगितलं, ताट सरकवून उठायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, मला भूक लागली आहे, मी जेवले नाही.

भावजयीनं फासा हातात घेतला आणि टाकलाच नाही.  मग अगदी हळू म्हणाली, "मला भूक लागलीय."

"मोठ्यानं म्हना वहिनी," झरीचा दोस्त म्हणाला. "नियम हाय."

तेव्हा ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की माझी आई घरातून विचारायला लागली, "काय गं, जेवली न्हाईस का आज?" आम्ही हसून लोळलो. भावजयही हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तिनं तिथेच पदरानं पुसलं आणि म्हणाली, "ह्या बाईला मी वळखते." कुठून ते तिनं सांगितलं नाही. आमच्या घरातली कुणी असेल, तिच्या माहेरची असेल.

भाऊ हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. पुढं तो पुण्याला परत गेला आणि मराठीतून असा खेळ करणाऱ्या एका लहानशा कंपनीत शिरला. माझे देव त्यानं ऐकून ऐकून लिहून काढले, मला फोनवर वाचून दाखवले, मी दुरुस्त केले. पुस्तक आलं. ‘छोटे वाईट देव’ असं मथळ्यात, आणि खाली माझं नाव, बापाच्या आडनावासकट. बापानं ते पान कितीतरी वेळ हातात धरलं. मग पारावर जाऊन सांगितलं की पोरीनं देवाचं पुस्तक लिहिलंय. कोणत्या देवाचं, असं कुणीतरी विचारलं तेव्हा तो जरा गडबडला आणि म्हणाला, "हायत बारके-बारके."

ती दीड-दोन वर्षं माझी चांगली गेली. मी पालमला राहत होते तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. आता लातूरची कुणी मुलगी मला मेसेज करून सांगत होती की उद्याबाबा आमच्याच घरी जेवायला असतो. नांदेडच्या एका पोरानं हासऱ्याचं चित्र काढून पाठवलं होतं. मी ज्यांना कधी भेटणार नाही अशा लोकांना माझं म्हणणं कळलं होतं. लोक विचारायचे ना, तरास काय व्हता? त्याचं उत्तर छापून आलं होतं.

आणि आता ते पुस्तकातून काढलं होतं.

घरी पोचल्यावर मी भावाला फोन लावला. त्यानं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी उचलला. आधी म्हणाला, नव्या आवृत्तीत सगळंच सुटसुटीत केलंय, नियमसुद्धा कमी केलेत. मी म्हटलं, मरणाच्या देवाला अख्खं पान दिलंय.  मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "खरं सांगू का ताई? आईला वाईट वाटलं. शिळवंती वाचून."

त्याची आई म्हणजे माझी मोठीमाय, माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या घराला लागूनच तिचं घर. मी पालमहून पिशवी घेऊन आले तेव्हा अख्ख्या गल्लीत एकट्या तिनं मला काही विचारलं नव्हतं. "पाय धू, भाकर खा," एवढंच म्हणाली होती, आणि भाकर तव्यावरची होती. शिळवंती ती नव्हतीच. शिळवंती पालमची. पण किल्ल्यांचा जुडगा मोठीमायचा होता. चालताना तो वाजायचा, तो आवाज मला गोष्टीत हवा होता म्हणून मी उचलला होता. माझ्या सासूच्या किल्ल्या पोलक्यात असायच्या, त्यांना आवाज नव्हता.

त्यामुळे भाऊ ‘आई’ म्हणाला आणि मी भांडण तिथेच सोडलं. "मला आधी सांगायचं होतंस," एवढं म्हटलं आणि फोन ठेवला.

मग मी मोठीमायच्या घरी जायचं सोडलं. तोंड कसं दाखवणार? तिच्या दारावरून जाताना मान खाली घालायची, सणाला वाटी द्यायची तर भावजयीच्या हाती पाठवायची. हिवाळाभर असं चाललं. संक्रांतीला ती आमच्याकडे हळदीकुंकवाला आली तर मी मागच्या खोलीत वह्या तपासत बसले. बाहेर किल्ल्या वाजत होत्या आणि तिचा आवाज ऐकू येत होता: "ती कुठंय?" आई म्हणाली, "शाळेचं काम हाय तिला." माझे देव गेले याचं दुःख करायचीही मला सोय उरली नव्हती. करायला गेलं की मोठीमायचा चेहरा समोर यायचा.

उन्हाळ्यात कुरडया घालायचा दिवस निघाला. भावजयीनं सकाळी माझा हात धरला. "चला. त्या तीनदा इचारून गेल्या. मला खोटं बोलून कटाळा आलाय." तिनं मला ओढतच नेलं.

मोठीमायच्या गच्चीवर बाजेवर धोतर अंथरलं होतं. गव्हाचा चीक शिजवून झाला होता. मोठीमाय सोऱ्या घेऊन बसली होती. मी समोर बसले आणि चीक भरून द्यायला लागले. भावजय खाली पातेलं आणायला गेली तशी ती मान वर न करता म्हणाली, "मी काई केलं का तुला?"

"न्हाई."

"मंग कामून येइनास? हिवाळ्यापसून उंबऱ्याला पाय लागला न्हाई तुझा. मी तुझ्या आईला इचारलं, तुझ्या भावजयीला इचारलं. काम हाय म्हनत्यात. इतकं काय काम?"

मी म्हटलं, "मोठीमाय, तुला पुस्तकाचं वाईट वाटलं ना?"

"कोन्तं पुस्तक?"

मला आधी वाटलं ती मुद्दाम वेड पांघरते आहे. मी म्हटलं, खेळाचं, तुझ्या पोराचं. त्यात मी लिहिलेली ती बाई.

"त्याचं पुस्तक मला कुनी वाचून दावलं?" ती म्हणाली. "मी चौथी शिकलेली. मला म्हनला, आई ते पोरांचं हाय, तुला कळायचं न्हाई. ठिवून दिलं मी. बाई कोन्ती?"

मी हातातला चीक खाली ठेवला. मग तिला शिळवंती सांगितली. सगळी सांगितली, ताट, कालचं अन्न, आमी कुठं कमी केलं, कमरेच्या किल्ल्या. सांगताना तिच्याकडे बघत नव्हते. तिनं सोऱ्या फिरवायचा थांबवला होता. अर्धवट कुरडई धोतरावर तशीच पडली होती.

"ही तर माझी सासू," ती म्हणाली. "तुझी आजी. तुला आठवना, तू बारकी व्हतीस. तुझ्या ह्या भावाच्या वक्ताला मी बाळंत झाले तवा मला बाजूच्या खोलीत ठिवलं आन् गावजेवणातलं उरलेलं तिसऱ्या दिवशी वाढलं. किल्ल्या पन तिच्याच हाईत ह्या. ती गेल्यावर मी कमरंला लावल्या." तिनं जुडग्याला हात लावला. मग म्हणाली, "बरी लिवलीस. मंग काढली कामून तिला?"

"मला वाटलं तू काढायला लावलीस."

"मी?" ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "मला इचारतंय कोन?"

मी तिला फोनवरचं सगळं सांगितलं. तिचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "माझ्या नावावर खपवलं व्हय त्यानं," ती म्हणाली. "येऊ दे त्याला. बघते." तेवढ्यात भावजय पातेलं घेऊन वर आली. ऊन तापायच्या आत आम्ही बाकीच्या कुरडया घातल्या.

तो आला पावसाळ्याच्या तोंडाला. त्याची सोयरीक जमत होती, त्यासाठी आला होता. मी मोठीमायकडे गेले तर तो ताटावर बसलेला, ती पुरणपोळीवर तुपाची धार धरत होती. माझ्याकडे बघून तिनं डोळ्यांनीच खुणावलं. मी मागे सैपाकघरात गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "पोरगं दमून आलंय. पावने यायलेत बघायला. आज नको बाई, काई बोलू नकोस." मी तिला दोष देत नाही असं स्वतःला पुष्कळ सांगितलं. 

मी थांबले. तो संध्याकाळी बाहेर मोटारसायकल पुसत होता तेव्हा गेले आणि सरळ विचारलं.

त्यानं फार आढेवेढे घेतले नाहीत. "कंपनीतले म्हणाले, घरातलं वाईट नको. राक्षस चालतो, भूत चालतं, कितीही रक्त चालतं. पण आईबाप पोरांसाठी पुस्तक विकत घेतात ताई. त्यात सासू निघते, शिळी भाकर निघते, न बोलणारा नवरा निघतो. बाया वाचून नाराज होतात, माणसं त्याहून नाराज होतात. दोन-तीन शाळांनी परत पाठवलं पुस्तक."

"मग मला असं सांगायचं होतंस."

"आणि खरं बोलायचं तर," तो फडकं झटकत म्हणाला, "ते देव नव्हतेच ना. देव म्हणजे काहीतरी ताकद लागते. शहरं जाळता आली पाहिजेत, असं काहीतरी. तुझे नुसते दारात उभे राहतात."

पालमच्या दारात मी किती वेळा उभी राहिले होते ते त्याला सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. विचारलं, "माझं नाव?"

"देवच नाहीत तर नाव कुठं टाकणार?"

"आणि मोठीमायचं नाव कामून घेतलंस? हिवाळाभर मी तिच्या दारात गेले न्हाई."

तो खाली बसून चाकाच्या तारा पुसायला लागला. वर न बघता म्हणाला, "कंपनीचं नाव सांगितलं असतं तर तू भांडली असतीस. आईचं सांगितल्यावर तू भांडणार नाहीस हे मला माहीत होतं."

त्यात त्याला काही लपवायचं वाटलं नाही, हे मला जास्त लागलं. माझा स्वभाव त्याला नीट माहीत होता. कोठ्यात बसून माझ्या सात देवांच्या आवाजात मी बोलायचे तेव्हा सगळ्यांत लक्ष देऊन तोच ऐकायचा. मी कशाला दबते, कशानं गप्प बसते, हे तो तिथेच शिकला होता. मी घरी आले. भांडले नाही. तो म्हणाला तसंच झालं.

झरीच्या दोस्ताला हे कळलं तेव्हा तो फोनवर भावाला दोन शिव्या देऊन मोकळा झाला आणि मला म्हणाला, "जाऊ द्या ताई. आपल्याकडं जुनं पुस्तक हाय. आपन त्याच्यावर खेळू. गोष्ट तुमी चालवा." एका रविवारी तो आला. भावजयीनं कोठा झाडून घेतला, सतरंजी टाकली. मीही मनावर घेतलं. नवी गोष्ट रचली होती, नदीकाठचं गाव, हरवलेली शेळी, शेळी शोधायला निघालेली माणसं. पहिला तासभर बरा गेला. मग ते त्या घरी मुक्कामाला पोचले.

शिळवंतीचं बोलणं मी बोलायला गेले, "आमी कुठं कमी केलं?", आणि तो आवाज थेट माझ्या सासूचा निघाला. तसाच हेल, तशीच शेवटची ओढ. पूर्वी असं होत नव्हतं. पूर्वी ते वाक्य देवीचं असायचं, तिला नियम असायचे, ती कशानं हरते ते लिहिलेलं असायचं. आता समोर नुसती पालमची म्हातारी बसली होती, आणि तिला हरवायचा कुठलाच नियम मला आठवेना. मी वाक्य अर्धवट सोडलं. झरीच्या दोस्तानं फासा पुढं केला. भावजयीनं तो त्याच्या हातून काढून घेतला आणि डबीत ठेवला.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "आज न्हाई जमायलं."

तिनं चहा केला. आम्ही तिघांनी सोयाबीनच्या, पावसाच्या गोष्टी केल्या. त्यानंतर आम्ही खेळलो नाही. दोस्त अधूनमधून फोन करतो, पण खेळाचं नाव काढत नाही. पहिल्या पुस्तकाची एक प्रत बापाजवळ आहे. कुणी आलं की तो अजून ते पान दाखवतो. नव्या पुस्तकाचं मी त्याला सांगितलेलं नाही.

भावाचं लग्न परभणीला कार्यालयात झालं. मी गेले. न जाऊन कसं चालेल? चुलत का होईना, करवली होते. पुण्याहून त्याच्या कंपनीतली पाच-सहा माणसं आली होती, सगळी तरुण, आमच्या पंगतीकडे कौतुकानं बघणारी. भाऊ मला त्यांच्याकडे घेऊन गेला आणि म्हणाला, "ही माझी ताई. सेलूला शाळेत शिकवते."

त्यांच्यात एक मुलगी होती, चष्मेवाली. फार साधी आणि मोकळी. बोलता बोलता ती आपणहूनच खेळावर आली. म्हणाली, "मला नवी आवृत्ती तितकी आवडत नाही. मी कंपनीत यायच्या आधी पहिली आवृत्ती खेळायचे. त्यात ते छोटे वाईट देव होते ना, तो एक गप्प बसणारा, तो तर भयंकर होता. मी किती जणांना विचारलं ते कुणी लिहिले म्हणून. कुणाला धड सांगता येत नाही."

भाऊ शेजारीच उभा होता, मुंडावळ्या बांधलेला. तो म्हणाला, "तेव्हा सगळं मिळूनच व्हायचं. टीमनं केलं ते."

मी म्हटलं, "मी लिहिले."

मुलगी माझ्याकडे बघून हसली. तिला ती गंमत वाटली, का खरं वाटलं, मला समजलं नाही. "अरे वा," ती म्हणाली. तेवढ्यात फोटोवाल्यानं सगळ्यांना स्टेजवर बोलावलं. नवरदेवाकडची माणसं आधी, असं तो ओरडत होता. ती माणसं गेली. मोठीमायनं मला लांबून हाक मारली, वाढपी कमी पडत होते. मी पदर खोचला आणि पंगतीत वाढायला गेले. भात गरम होता. मी सगळ्यांना विचारून विचारून वाढलं.